तिळाचा डबा

"मोठ्यानं बोला, बाजार हाय!"

अप्पांच्या दुकानात पाय टाकला की पहिलं हेच वाक्य अंगावर यायचं. तुम्ही सोयाबीनचं बियाणं मागा, कुणाचा पत्ता विचारा, नाहीतर घरात मयत झाल्याचं सांगा, अप्पा मान पुढं काढून ओरडणार, मोठ्यानं बोला. मुखेडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ते पटायचं. पण भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, दुकानात मी, अप्पा आणि बियाणं निवडणाऱ्या शांताबाई एवढे तिघंच असताना सुद्धा बाजार हायच. त्या दुकानातून बाहेर पडलं की घसा बसलेला असायचा. मी मुळात तिरसट बाई. मला कुणी ओरडायला लावलेलं खपत नाही. तरी त्या दुकानात मी चार वर्षं ओरडले, आणि कान तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम असूनही त्या ओरडण्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यावर टपली मारावीशी वाटते.

अप्पांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात बिनइस्त्रीचा सदरा. गिऱ्हाईकाला खुर्ची द्यायची पद्धत नाही. ज्या गोणीतल्या बियाण्याचा त्यांना स्वतःला भरवसा नसेल, त्या गोणीवर बसवायचे. "बसा तिच्यावर. तेवडंच काम हाय तिचं," म्हणायचे. कंपनीचा माणूस आला आणि आपल्याच कंपनीच्या गोणीवर बसवला गेला, की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

दुकानाच्या दाराला एक काळा फळा टांगलेला होता. सोयाबीन पेरायच्या आधी आमच्याकडं उगवण बघतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उघडून कितींना मोड आले ते मोजायचं. हे सगळेच करतात. अप्पा मात्र स्वतःच्या दुकानातल्या प्रत्येक मालाची उगवण करायचे आणि आकडा खडूनं फळ्यावर लिहायचे. वाईट निघाली तर जास्त मोठ्या अक्षरात. एकदा एक कंपनीवाला गयावया करायला आला, "अप्पा, तेवढं पुसा, माझी नोकरी जाईल." अप्पांनी त्याला गोणपाट उलगडून दिलं आणि म्हणाले, "मोजा. माझ्यापरीस येक दाना जास्त निघाला तर पुसतो." बिचारा तासभर उकिडवा बसून मोजत होता. दाणे तेवढेच निघाले. मग अप्पांनी त्याला चहा पाजला आणि फळा तसाच राहिला.

आणखी एक खोड. माल काट्यावर चढला की अप्पा दोन पावलं मागं सरायचे आणि दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. काट्याकडं फक्त बघायचं. "हात म्होरं आसला की मन बी म्होरं जातं," हे त्यांचं म्हणणं. गाव हसायचं, पण अप्पांच्या दुकानातून घेतलेला माल दुसरीकडं कुणी पुन्हा वजन करायला नेत नसे.

आणि त्यांची खरी मिजास ही, की ते आवाजावरून धान्य ओळखतात. डोळे मिटायचे, बंद डबा हातात घ्यायचा, कानाशी नेऊन हलवायचा, आणि सांगायचं, तूर. हरभरा. ज्वारी, ती बी जुनी. कधी चुकत नसत. लोक मुद्दाम डबे घेऊन यायचे. मी स्वतः पाहिलंय, तीळसुद्धा ओळखायचे.

दुकानात चौथं माणूस म्हणजे गौरा, अप्पांची नात, मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहा वर्षांची. गौराला डाऊन सिंड्रोम. म्हणजे जन्मापासून शरीरातल्या पेशींत एक गुणसूत्र जास्त. त्यामुळं अशी लेकरं बोलायला, शिकायला वेळ घेतात, आणि हृदय, थायरॉईड, कान यांच्या तक्रारी त्यांच्यात जास्त दिसतात. गौरा शब्द म्हणून एकच बोलायची, "आ." पण गल्ल्याशेजारी बसून विकलेल्या प्रत्येक पिशवीवर थाप मारायची, आणि तिनं थाप मारल्याशिवाय अप्पा पिशवी हलू द्यायचे नाहीत. तिचा दुसरा धंदा चप्पल लपवण्याचा. गिऱ्हाईकाची एकच चप्पल लपवायची, दोन्ही कधीच नाही. मुखेडचे शेतकरी त्या दुकानात चप्पल हातात घेऊनच चढायचे.

तर हे बियाणेवाले अप्पा संशोधनाला पैसे द्यायला लागले, ही मुखेडात मोठीच गंमत झाली. गौराला घेऊन ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेले होते. तिथं डॉक्टरांना त्यांनी विचारलं, ह्या लेकरांसाठी पुढं काय नवीन शोध लागून राहिलाय? डॉक्टर म्हणाले, कल्पना पुष्कळ आहेत हो, पण ज्याचा आधीच पुरावा आहे त्यालाच पैसा मिळतो, आणि पैशाशिवाय पुरावा मिळत नाही. अप्पा म्हणाले, म्हंजी उगवण कुनीच बघंना, आन् पेरनीला सगळे तयार? घरी आले आणि दरवर्षी दुकानाच्या वाढदिवसाला सगळ्या बाजाराला जेवण घालायचे, ते बंद करून तो पैसा बाजूला काढला. बाजारानं नाकं मुरडली. फळ्यावर उगवणीच्या आकड्यांखाली लिहिलं गेलं: "डाऊन सिंड्रोमच्या लेकरांसाठी नवं काही करून बघायचंय पण पुरावा न्हाई, त्यांनी आत यावं."

त्या फळ्याचा फोटो कुणीतरी मला नांदेडला पाठवला. मी तेव्हा नुकतीच तिसरी नकारघंटा ऐकून बसले होते. एका संस्थेनं लिहिलं होतं, कल्पना चांगली आहे, प्राथमिक निष्कर्ष घेऊन या. अहो, प्राथमिक निष्कर्ष काढायलाच तर पैसे मागतेय! माझं डोकं असं फिरलं होतं की मी एस.टी.त बसले आणि थेट मुखेड गाठलं.

अप्पांनी मला एका बदनाम गोणीवर बसवलं आणि शांताबाईंकडं बोट केलं. "हिला समजून सांगा. हिला पटलं तर मला पटलं."

मी ओरडून सांगितलं. या लेकरांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागं पाणी साठतं. ते काही दुखत नाही, दिसत नाही. लेकराला नीट ऐकू येत नाही, म्हणून ते बोलत नाही, आणि लोक म्हणतात त्याला कळतच नाही.

"मंग तपासा की," शांताबाई म्हणाल्या.

"यंत्र नांदेडला आहे. इस्लापूरच्या बाईनं रोज बुडवून, लेकरू काखेत घेऊन कसं यावं? म्हणून मला धान्याचे डबे करायचेत. हरभरा जास्त वाजणारा, तीळ अगदी कमी. आशाताई घरी जाईल, लेकराच्या मागं उभं राहून डबा वाजवेल. वळलं तर ठीक. नाही वळलं तर तेवढ्यालाच नांदेडला पाठवायचं."

शांताबाईंनी पटल्यासारखी मान हलवली. अप्पांनी विचारलं, "हे चालंल?"

"चालणारच," मी म्हणाले.

अप्पा उठलेच. "मंग जावा तुमी. चालनार हे तुमाला आत्ताच ठावं हाय तर पैसे कुनी बी देईल. मला कामून इचारता?"

मी तरातरा बाहेर आले. पाहते तर एकच चप्पल! एका पायानं तोऱ्यात निघून जाता येत नाही. पुन्हा आत आले, पोत्यांमागं वाकून चप्पल शोधायला लागले, गौरा खिदळतेय, आणि माझा तोल गेला. मी जोरात ओरडले, "मला नाही माहीत चालेल की नाही! माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

"हां!" अप्पा म्हणाले. "आत्ता बोलल्या. शांताबाई, ह्या म्याडमला चहा."

अट एकच होती. जे निघेल ते फळ्यावर लिहायचं. मी हो म्हटलं. मग मी काम करते त्या कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी लागेल असं सांगितलं, तर अप्पा गंभीरपणे म्हणाले, "नैतिकतेची समिती हाय? मंग बाकीचे तिथं काय करून राह्यलेत?" आणि गौराबद्दल एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावली. "हिला दुरुस्त करायला निघाल्या आसाल तर आत्ताच सांगा. पोरगी हाय तशी झ्याक हाय. हिच्या वाटंत जे आडवं येतं तेवडं बाजूला सारायचं."

डबे अप्पांनीच केले. एकाच मापाचे चार पत्र्याचे डबे आणले, त्यात हरभरा, तूर, ज्वारी, तीळ. दाणा न् दाणा निवडून. नांदेडला मी त्यांचा आवाज यंत्रावर मोजून घेतला. तिळाचा आवाज म्हणजे कुणीतरी शेजारच्या खोलीत कुजबुजल्यासारखा.

पहिली खेप कंधार आणि मुखेड इथं झाली. लेकरू आईच्या मांडीवर, समोर खेळणं, मागून मी डबा वाजवायची, बाजूला कॅमेरा. गौरा अप्पांच्या मांडीवर बसली होती. आणि काय सांगू, लेकरं वळत होती! हरभऱ्याला वळली, ज्वारीला वळली, काही तर तिळालासुद्धा. गौरा तीन डब्यांना वळली, फक्त तिळाला नाही. अप्पा तर फुलून गेले होते. मी त्या आनंदात एस.टी.तल्या अनोळखी बाईला शेंगदाण्याचा लाडू खाऊ घातला.

मग ठरल्याप्रमाणं सगळ्या लेकरांची नांदेडला यंत्रावर तपासणी झाली. डब्याच्या परीक्षेत पास झालेल्या कितीतरी लेकरांच्या कानात पाणी निघालं. गौराच्या दोन्ही कानांत. तिला ज्वारीचा डबा ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्या कामाला पैसे मिळावेत म्हणून एका मोठ्या संस्थेकडं अर्ज करायचा होता, त्याची मुदत जवळ आली होती. खरं सांगते, दोन दिवस माझ्या मनात हेच होतं, की यंत्राची तपासणी ‘पुढच्या टप्प्यात करू’ असं लिहावं आणि डब्यांचा निकाल तेवढा पाठवावा. कुणाला कळणार होतं? तिसऱ्या दिवशी मी व्हिडिओ बघायला बसले, आणि मला सगळं दिसलं. डबा वाजला की आईचा गुडघा हलायचा. कुणाची मांडी उचलली जायची, कुणी लेकराच्या कुशीत हळूच बोट दाबायची. आणि अप्पा! डबा वाजला की अप्पांचा डावा अंगठा गौराच्या कोपराला टोचत होता. हरभऱ्याला, तुरीला, ज्वारीला. फक्त तिळाच्या वेळी अंगठा गप्प होता. मला वाटलं, तेवढ्यापुरती त्यांना लाज वाटली असावी.

लॅपटॉप घेऊन मी मुखेडला गेले. अप्पांनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला.

"ह्यो अंगठा माझा हाय?"

"हो, अप्पा."

"मला ठावं बी न्हाई." त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. "जल्मभर काट्याला हात लावला न्हाई म्या. आन् पोरीला लावला. तुमी यंत्रावर बगितलं नसतं तर माज्यामुळं हिच्या कानातलं पानी तसंच दडून राह्यलं असतं."

मला वाटलं आता हे रडणार. मीच रडायच्या बेतात होते. तर अप्पा उठले, खडू घेतला आणि फळ्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: "डब्याची परीक्षा नापास. दोष डब्याचा न्हाई, मांडीचा हाय. पयला दोषी: अप्पा." आणि मग हसत सुटले. "म्याडम, लई ब्येस काम केलं तुमी! आता कळलं तरी. नांगरून, खत घालून, साऱ्या जिल्ह्यात पेरल्यावर कळलं असतं तर?" शांताबाईंना पेढे आणायला धाडलं. नापास झाल्याचे पेढे मी आयुष्यात त्या एकाच दिवशी खाल्ले.

बाजारात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. आणि त्या फळ्यानं असं काम केलं जे माझ्या कुठल्याही प्रश्नावलीनं केलं नसतं. आया स्वतःहून यायला लागल्या. "म्याडम, मी बी ढकललं वो." "म्याडम, माझा गुडघा." कंधारची एक आई लेकराला कडेवर घेऊन खाली मान घालून उभी राहिली. "सगळे म्हनतेत ह्याला काहीच येत न्हाई. म्हनलं, येकदा तरी पास होऊ दे." मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, तिचा हात धरून बसले.

अप्पा म्हणाले, दुबार पेरणी करायची. पुन्हा पैसे दिले. मोठ्या संस्थेला मी झालं तसं सगळं लिहून पाठवलं, अंगठ्यासकट. दरम्यान ज्या ज्या लेकरांच्या कानात पाणी निघालं होतं त्यांचे उपचार सुरू झाले. गौराचं लातूरला ऑपरेशन ठरलं. आधी हृदय तपासलं, मग भूल, मग पाण्याला वाट म्हणून कानाच्या पडद्यात बारीकशी नळी. अप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होते, ते डॉक्टर बाहेर येईपर्यंत बसले नाहीत.

दुसऱ्या खेपेला नवा नियम झाला. लेकरू मांडीवर नाही, समोरच्या पाटावर. मोठ्या माणसाच्या कानावर मोठे हेडफोन आणि त्यात जोरात भजन, म्हणजे डबा कधी वाजला ते त्यांना कळूच नये. अप्पांनी त्यात आपली भर घातली. डोळे मिटायचे आणि हात पाठीमागं.

गौराची पाळी आली ती दुकानातच. अप्पा गोणीवर, डोळे घट्ट मिटलेले, हात मागं, कानात भजन, ओठ हलतायत. समोर पाटावर गौरा, हातात मक्याचं कणीस. शांताबाईंना मी दाराबाहेर काढलं होतं, त्या बाहेरून कान लावून उभ्या. मी मागून हरभरा वाजवला. गौरा वळली. तूर. वळली. ज्वारी. वळली, जरा वैतागूनच. मग तिळाचा डबा उचलला आणि हळूच हलवला.

गौराचं कणीस तोंडाशी थांबलं. तिनं मान वळवली. आधी एका बाजूला, मग बरोब्बर माझ्याकडं. डोळे हे एवढे! "आ?" ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आणि अप्पा तिकडं डोळे मिटून भजन म्हणतायत, त्यांना पत्ताच नाही.

गौरा उठली. माझ्या हातातला डबा ओढून घेतला, अप्पांकडं गेली, त्यांच्या कानावरचा हेडफोन खसकन काढला आणि कानाशी डबा हलवला. अप्पांनी डोळे उघडले, पण नियम म्हणजे नियम, हात मागंच. गौरानं पुन्हा हलवला.

"काय गं गौरा," अप्पा म्हणाले, "रिकामा डबा कामून वाजवून राह्यली?"

गौरा दुसऱ्या कानाकडं गेली आणि तिथं वाजवला. अप्पा तिच्याकडं प्रेमानं बघत होते, फक्त बघत होते. आणि मला, कान तपासणाऱ्या शहाणीला, तेव्हा सगळं उमगलं. हा माणूस डबे कानानं ओळखतच नव्हता. हातात धरल्यावर दाण्यांचा धक्का तळव्याला लागतो, त्यावरून ओळखत होता. तिळाच्या वेळी अंगठा गप्प राहिला होता तो लाजेनं नाही. आणि चार वर्षं तो बाजार नव्हताच.

"अप्पा," मी ओरडून म्हणाले, "डबा रिकामा नाही. तीळ आहेत."

अप्पांनी हळूच हात पुढं आणला, गौराच्या हातातला डबा धरला, हलवला. चेहरा बदलला. डबा पुन्हा तिच्या हातात देऊन कान पुढं केला. तिनं वाजवला. ऐकू येत नाही अशी त्यांनी मान हलवली.

"हिला ऐकू आलं हे?"

"आलं."

"आन् मला न्हाई?"

"नाही, अप्पा. उद्या नांदेडला यायचं. तुमचे कान मी तपासणार."

अप्पा जे हसायला लागले! गोणीवरून पडायचे बाकी राहिले. डोळे पुसत, गौराला छातीशी धरत ते तिच्या कानाजवळच गरजले, "माझी पोरगी माझ्यापरीस जास्ती ऐकती! शांताबाई! खडू आना! फळ्यावर लिवायचं हाय, गौरा पास, अप्पा नापास!"

आणि गौरानं तोंड कसनुसं करून दोन्ही हातांनी कान झाकले. जन्मात पहिल्यांदा तिला अप्पांचा आवाज मोठा वाटला होता.

तिच्या कानावरच्या हातांकडं अप्पांनी पाहिलं. मग इतक्या हळू, की त्या दुकानात कुणी कधी बोललं नसेल इतक्या हळू, ते म्हणाले, "शांताबाई, खडू आना."

दाराबाहेरून शांताबाई ओरडल्या, "मोठ्यानं बोला की अप्पा, बाजार हाय!"